पडद्यामागचे चित्र : मूल गेलेल्या आईजवळ थांबण्याचे शिक्षण

जुन्या घरातल्या आजीला 'तुम्हांला मुले किती?' असे विचारले, की उत्तर दोन आकड्यांत येई : 'झाली नऊ, राहिली पाच.' या दोन क्रियापदांच्या मधे चार मुले असत. कोणते पोटातच गेले, कोणते पाचवीच्या आत, कोणाला नाव ठेवले होते आणि कोणाला नव्हते, हे पुढे कोणी विचारत नसे आणि आजीही आपणहून सांगत नसे. पण मोजताना ती त्यांना वगळत नसे.

आजच्या प्रसूतिकक्षातल्या केसपेपरवरही अशीच एक ओळ असते : 'जी ३, पी २, एल १'. गर्भारपणे तीन, बाळंतपणे दोन, हयात मूल एक. माहिती जवळपास तीच आहे. फरक एवढाच, की आजीच्या वाक्यात एक बाई बोलते आहे आणि केसपेपरच्या ओळीत कोणीच बोलत नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला ही अक्षरे पहिल्याच वर्षी वाचता येऊ लागतात. जी बाई आज, आत्ता, या वजाबाकीतून जाते आहे तिच्या खाटेजवळ उभे कसे राहायचे, हे मात्र त्या ओळीतून शिकता येत नाही. ते शिकवण्यासाठी काही देशांतल्या मिडवाइफरीच्या शिक्षकांनी एक अनपेक्षित मदत घेतली आहे. ती म्हणजे चित्रांची. ही मदत खरोखर कशी होते, ती कुठे फसते आणि ती घेताना चित्राचे काय होते, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न केवढा आहे

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२० साली मृतजन्मांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. अठ्ठावीस आठवडे झाल्यानंतर पोटात किंवा जन्मताना दगावलेल्या बाळांचीच त्यात मोजणी आहे. तरीही जगाचा आकडा वर्षाला सुमारे वीस लाख, म्हणजे दर सोळा सेकंदांना एक, असा निघाला. २०१९ सालच्या अंदाजात भारताचा वाटा सुमारे ३ लाख ४० हजारांचा होता. इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. त्याआधीचे गर्भपात आणि जन्मानंतर काही दिवसांत गेलेली बाळे यात नाहीत.

भारताच्या २०१४ सालच्या नवजात कृती आराखड्यात मृतजन्मांचे हजारी प्रमाण २०३० पर्यंत एक आकडी करण्याचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट मृत्यू टाळण्याचे आहे आणि पहिले काम तेच. पण जो मृत्यू टळला नाही त्याच्यानंतरही प्रसूती व्हायची असते. कळा येतात, नाळ कापावी लागते, आणि दोन-तीन दिवसांनी त्या आईला दूध येते. शरीराला बातमी कळलेली नसते. या सगळ्या काळात तिच्याजवळ सर्वांत जास्त वेळ जी असते ती मिडवाइफ, नर्स, आपल्याकडची 'सिस्टर'.

ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकापर्यंत रूढ पद्धत अशी होती, की मृत बाळ ताबडतोब आईच्या नजरेआड करायचे आणि तिला ते लवकर विसरू द्यायचे. बाळाला कुठे पुरले हेही अनेक आईबापांना कळत नसे. १९७८ साली अशाच पालकांनी 'सँड्स' ही संस्था उभी केली. पुढे बाळाचे ठसे घेणे, फोटो काढणे, आठवणींची पेटी देणे, बाळ काही तास खोलीत राहावे म्हणून थंड पाळणा वापरणे अशा गोष्टी रुग्णालयांत आल्या. २०१७ पासून इंग्लंडमध्ये या शोकातल्या काळजीचा एक राष्ट्रीय आराखडाही अमलात येऊ लागला. म्हणजे काय करायचे याची यादी तयार झाली. पण यादीतल्या प्रत्येक गोष्टीला एक क्षण जोडलेला असतो : पेटी हातात देताना मान वर करून बघायचे की नाही, बाळाला 'ते' म्हणायचे की नावाने हाक मारायची. तो क्षण यादीत लिहिता येत नाही. लॉर्ना डेव्हिस यांनी संपादित केलेल्या 'द आर्ट अँड सोल ऑफ मिडवाइफरी' (२००७) या पुस्तकासारख्या लेखनातून मिडवाइफरीच्या शिक्षणात चित्र, काव्य, नाट्य यांना जागा मागितली गेली, ती या पोकळीसाठी.

मागणी रास्त आहे. पण चित्र वर्गात आणले म्हणजे ते शिकवतेच असे नाही. पुढे तीन चित्रे घेतली आहेत. प्रत्येकाचा सोपा उपयोग एक आहे आणि खरा उपयोग दुसरा.

खाटेवरचे नाव

फ्रीडा काहलोचे 'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' (१९३२) हे या विषयावरचे कदाचित सर्वांत प्रसिद्ध चित्र. जुलै १९३२ मध्ये डेट्रॉइटच्या त्या रुग्णालयात तिचा गर्भपात झाला. चित्र तैलरंगात, पण पत्र्यावर रंगवलेले आणि वहीच्या दोन पानांहून फार मोठे नसलेले. उघड्या आभाळाखाली एक लोखंडी खाट, क्षितिजावर फोर्ड कारखान्याच्या इमारती, खाटेवर रक्ताच्या डागावर पडलेली विवस्त्र काहलो, गालावर एक मोठा थेंब. तिच्या हातातून सहा लाल फिती निघतात. त्यांच्या टोकांना पुरुषगर्भ, गोगलगाय, शरीररचनेचा नमुना म्हणून करतात तसे बाईचे धड, एक यंत्र, जांभळे ऑर्किड आणि कमरेचे हाड.

वर्गात या चित्राचा सोपा उपयोग म्हणजे सहा वस्तूंचे सहा अर्थ सांगणे. गोगलगाय म्हणजे गर्भपाताचा संथपणा, हे काहलोनेच सांगितले होते. हाड म्हणजे १९२५ च्या बस-अपघातात मोडलेली कंबर. फळ्यावर तक्ता तयार होतो, विद्यार्थिनी तो उतरवून घेतात आणि चित्राचा केसपेपर होतो. लक्षण, कारण, पुढची ओळ.

हे चित्र हळूहळू पाहिले तर एक साधी गोष्ट दिसते. खाटेच्या कडेवर रुग्णालयाचे नाव अक्षरांत लिहिलेले आहे, पण चित्रात रुग्णालय नाही. भिंत नाही, पडदा नाही, डॉक्टर नाही, नर्स नाही. जिथे तिच्याभोवती दिवसरात्र माणसे होती, तिथे तिने एकही माणूस रंगवलेला नाही. उद्या त्या खाटेजवळ जी उभी राहणार आहे तिने या चित्रात सर्वांत आधी शोधायला हवी ती स्वतःची जागा, आणि ती रिकामी आहे. आपण हजर असूनही रुग्णाच्या चित्रात नसू शकतो, हा धडा सहा अर्थांच्या तक्त्यात येत नाही.

दुसरी गोष्ट चित्रामागच्या इतिहासातली. हेडन हेरेरा यांनी लिहिलेल्या चरित्रात (१९८३) नोंद आहे, की काहलोला आपल्या पोटात काय होते ते रेखाटायचे होते म्हणून तिने रुग्णालयात वैद्यकीय पुस्तक मागितले. रुग्णाला अशा आकृत्यांनी त्रास होईल म्हणून ते नाकारण्यात आले. शेवटी दिएगो रिवेराने पुस्तक आणून दिले आणि ती चित्र काढत राहिली. तिला जे बघायचे होते ते तिच्या भल्यासाठी झाकले गेले. हे भले कोणी ठरवले, हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

तिसरी गोष्ट वर्गात बहुधा टाळली जाते. गर्भपाताच्या सहा आठवडे आधी, २६ मे १९३२ रोजी, काहलोने डॉ. लिओ एलोसर यांना लिहिलेल्या पत्रात हे मूल ठेवावे की नाही याबद्दलची घालमेल आहे. गर्भ पाडण्याचा एक प्रयत्न आधी झालेलाही होता. मग तिने ते ठेवायचे ठरवले आणि मग ते गेले. 'मूल हवे होते, ते गेले, म्हणून दुःख' या सरळ रेषेत तिचे दुःख बसत नाही. शोक करणारी प्रत्येक बाई आपल्या मनातल्या आईसारखी असेल असे धरून जी विद्यार्थिनी खाटेजवळ जाईल, तिचे पहिलेच वाक्य चुकण्याची शक्यता मोठी. चित्राला 'मातृत्वाची वेदना' असे लेबल लावून शिकवणारे शिक्षक नकळत तीच चूक शिकवतात.

जिवंत मुलाला धरून

केटे कोलवित्सचे 'मेलेल्या मुलाला घेतलेली बाई' हे अ‍ॅसिडने कोरलेले मुद्राचित्र १९०३ सालचे. मांडी घालून बसलेली, उघड्या अंगाची, थोराड बाई. मांडीवर मुलाचे निष्प्राण शरीर. तिने ते इतके घट्ट आवळले आहे, की तिचे तोंड त्याच्या छातीत रुतले आहे. चेहऱ्यावर भाव वाचावा तर चेहराच पुरता दिसत नाही. कोलवित्सच्या जवळच्या मैत्रिणीने हे चित्र पाहिले तेव्हा घरात काही विपरीत घडले की काय, अशी शंका तिला आली होती.

तसे काही घडले नव्हते. आरशासमोर बसून, सात वर्षांच्या पेटर या आपल्या धडधाकट मुलाला मांडीवर घेऊन कोलवित्सने हे रेखाटन केले होते. पेटर अकरा वर्षांनी, ऑक्टोबर १९१४ मध्ये, बेल्जियमच्या रणभूमीवर मारला गेला. त्यामुळे या चित्राकडे भविष्यवाणी म्हणून पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो मोह टाळला तर विद्यार्थिनींच्या कामाची गोष्ट हाती लागते.

नर्सिंगला येणाऱ्या मुली विशीच्या असतात. बहुतेकींचे लग्नही झालेले नसते. 'ज्याचे जळते त्यालाच कळते' ही म्हण त्यांच्यावर दडपणासारखी असते : आपल्याला हे कधी कळणारच नाही, तर आपण काय बोलणार? कोलवित्सच्या चित्राचे उत्तर वेगळे आहे. तिचे तोवर जळलेले नव्हते. तिचे डॉक्टर पती बर्लिनच्या कामगार वस्तीत दवाखाना चालवत आणि तिथे येणाऱ्या बायका ती रोज पाहत होती. ते पाहणे, आरसा आणि मांडीवरच्या मुलाचे खरे वजन, एवढ्या सामग्रीवर तिने ही बाई उभी केली. ते वजन पेलताना आपण कण्हत होतो आणि पेटरच आपल्याला धीर देत होता, असे तिने पुढे लिहून ठेवले. स्वतःच्या अनुभवाची उणीव निरीक्षणाने आणि देहाच्या कल्पनाशक्तीने किती भरता येते, याचा हा पुरावा आहे. मूल इथे नवजात नाही, हे खरे. पण विद्यार्थिनींना शिकण्यासारखी रीत हीच आहे.

या चित्रापुढे एक प्रश्न जरूर विचारावा : 'तुम्ही या खोलीत आहात. कुठे उभ्या राहाल?' पाहता पाहता कळते, की आई आणि मूल यांच्यामध्ये बोटभरही फट नाही. सांत्वनाचे वाक्य ठेवायला जागा नाही. 'तरुण आहेस, दुसरे होईल', 'देवाला नको होते', 'बरे झाले, आत्ताच गेले' ही आपल्या वॉर्डातली वाक्ये या चित्राशेजारी मनातल्या मनात म्हणून पाहावीत. ती वाक्ये दुष्टपणाची नसतात. ती बोलणाऱ्याची अस्वस्थता संपवण्यासाठी असतात. चित्र ती अस्वस्थता संपवत नाही, म्हणूनच ते शिकवते.

पडद्याची दोरी

तिसरे चित्र अमेरिकन चित्रकार चार्ल्स विल्सन पील याचे, 'रडणारी रेचेल'. १७७२ मध्ये देवीच्या साथीत त्याची तान्ही मुलगी मार्गारेट गेली. त्याने आधी फक्त बाळ रंगवले. हनुवटीला पट्टी, दोन्ही हात पांढऱ्या फितीने अंगाशी बांधलेले, निरुपयोगी ठरलेल्या औषधांच्या बाटल्या. पुढे त्याने कॅनव्हास वाढवून त्यात आपली पत्नी रेचेल रंगवली. गालांवर आसवे आणि नजर बाळाकडे नाही, वर. १७७६ च्या ऑगस्टमध्ये जॉन अ‍ॅडम्सने पीलच्या चित्रशाळेत हे चित्र पाहिले आणि पत्नीला पत्रातून कळवले. आज ते फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे.

चित्रकलेचा दर्जा पाहता कोलवित्सपुढे हे चित्र फिके आहे. आसवे मोत्यांसारखी आहेत, मांडणी नाटकी आहे. पण त्याच्या प्रदर्शनाची रीत असाधारण होती. पीलने ते पडद्याआड ठेवले होते आणि पडद्यावर एक सूचनावजा कविता लावली होती. आशय असा, की आत एका पालकाचे दुःख आहे, सोसणार नसेल तर पडदा ओढू नका. बघायचे की नाही हे पाहणाऱ्याने ठरवायचे, तेही आत काय आहे हे कळल्यानंतर.

प्रसूतिकक्षातला सर्वांत कठीण वाद नेमका याच पडद्याचा आहे. बाळ आईला दाखवायचे का? आधीच्या पिढ्यांनी 'नाही' म्हटले आणि पडदा शिवून टाकला. १९८०च्या दशकात लंबक उलट गेला. पाहायलाच हवे, हातात घ्यायलाच हवे, त्याशिवाय शोक पुरा होत नाही, असे सांगितले जाऊ लागले. मग २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये ह्यूज आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ज्या मातांनी मृत बाळ हातात घेतले त्यांच्यात पुढच्या गर्भारपणात नैराश्य अधिक आढळले होते. त्याचा परिणाम म्हणून २००७ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांत, आईला सरसकट असे प्रोत्साहन देऊ नये, असे आले. त्यावर पालकांकडून आणि मिडवाइफकडून आक्षेप निघाले, इतर संशोधनांतून वेगळे निष्कर्ष आले, आणि आताचा भर आहे तो समजावून सांगण्यावर, पर्याय देण्यावर आणि वेळ देण्यावर.

तीस-चाळीस वर्षांत नियम दोनदा उलटला. आज शिकलेला नियम विद्यार्थिनीच्या नोकरीच्या काळात पुन्हा बदलू शकतो. पीलचा पडदा मात्र नियमाच्या बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही. तो सांगतो, की दाखवणे आणि लपवणे यांच्या अलीकडे एक काम असते. आत काय आहे ते खरेपणाने सांगायचे. त्वचा कशी दिसेल, अंग गार लागेल, नाक कोणासारखे आहे, हे आधी बोलायचे. मग दोरी आईच्या हाती द्यायची आणि तिने 'नको' म्हटले तर दोन तासांनी, उद्या सकाळी, पुन्हा एकदा विचारायचे. काहलोला नाकारलेले पुस्तक इथे आठवावे. तिच्या बाबतीत पडदा होता, पण दोरी दुसऱ्याच्या हातात होती.

वर्गातले धोके

चित्रांतून शिकवण्याची सर्वांत परिचित पद्धत अ‍ॅबिगेल हाऊसन आणि फिलिप येनावाइन यांची. तिच्यात शिक्षक तीनच प्रश्न विचारतो : चित्रात काय चालले आहे, तुम्हांला असे का वाटते ते चित्रात कुठे दिसते, आणि आणखी काय दिसते. येल विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांना कलादालनात नेऊन चित्रांचे वर्णन करायला लावले, तेव्हा रुग्णांच्या छायाचित्रांतले बारकावे टिपण्याची त्यांची क्षमता वाढली, असे २००१ साली 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हा निष्कर्ष निरीक्षणाबद्दल आहे. चित्र पाहून माणूस दयाळू होतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. कलेच्या बाजूने बोलणारे हा फरक बऱ्याचदा पुसतात. कोलवित्सचे चित्र पाहून वर्गात रडणे सोपे आहे. ते रडणे वॉर्डात कामाला येतेच असे नाही. उलट आपल्याच आसवांत आई दिसेनाशी होऊ शकते.

दुसरा धोका गुणांचा. काही अभ्यासक्रमांत विद्यार्थिनींना स्वतः चित्र, कोलाज, कविता करायला सांगतात. हात चालू असताना न बोलता येणारे काही बाहेर येते, हे खरे. पण त्या कोलाजला दहापैकी सात गुण मिळणार असतील तर विद्यार्थिनी शिक्षकाला आवडेल असा शोक तयार करील. जी काही दाखवत नाही, मागच्या बाकावर गप्प बसते, तिच्या घरातच असे काही घडलेले असू शकते. पीलचा पडदा वर्गाच्या दारावरही हवा : आज काय दाखवणार आहोत ते आधी सांगणे, आणि बाहेर जायची मोकळीक.

आपला पाळणा

काहलोने पत्रा निवडला तो मेक्सिकोतल्या नवसाच्या चित्रांमुळे. संकटातून वाचलेला माणूस त्या प्रसंगाचे छोटे चित्र पत्र्यावर काढून देवळात वाहतो. वर संत, खाली आभाराच्या ओळी. काहलोने ते रूप घेतले आणि त्यातला संत व आभार काढून टाकले. आपल्याला ही परंपरा परकी नाही. मूल व्हावे म्हणून किंवा झाले म्हणून आपल्याकडे देवाला लाकडी पाळणा वाहतात; वांद्र्याच्या मोतमावलीला मेणाची बाळे वाहतात. गेलेल्या मुलासाठी पाळणा वाहण्याची रीत मात्र नाही. तान्ह्या मुलाला पुरतात, मागचे विधी बहुतेक होत नाहीत, आणि बाळ घेऊन जाणारे हात सहसा पुरुषांचे असतात. बाळंतीण खाटेवरच असते. भाषाही अशीच आहे. 'दिवस गेले' म्हणजे बाई गर्भार राहिली आणि 'मूल गेले' म्हणजे ते मेले. एकाच क्रियापदाने दोन्ही होते, पण त्या दोहोंच्या मधल्या बाईसाठी बोलीत फारसे काही नाही.

भारत सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि प्रशिक्षित परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आखला. २०२२ पासून मृतजन्मानंतर केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना साठ दिवसांची विशेष रजा मिळते. कागदावर या शोकाला जागा होऊ लागली आहे. ती खाटेजवळ व्हायची तर नव्या मिडवाइफच्या अठरा महिन्यांत एखादी दुपार चित्रासमोर जायला हरकत नाही. चित्रे मेक्सिकोची, जर्मनीची असली तरी चालतील. सोबत नवसाचा एक रिकामा पाळणा टेबलावर ठेवावा आणि तेच तीन प्रश्न विचारावेत.

या विषयाशी आपले एक जुने नाते आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचा मुलगा दहा दिवसांत गेला. त्यानंतर त्या डॉक्टर व्हायला निघाल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र हा घेतला. ज्या शहरात त्या शिकल्या त्याच शहरात आज रेचेलचे चित्र टांगलेले आहे. हा योगायोग आहे, त्याहून अधिक काही नाही. पण आनंदीबाईंची गोष्ट सांगताना आपण नेहमी त्या दहा दिवसांवरून पदवीकडे झपाट्याने जातो, दुःखाचे सोने झाले असे म्हणतो आणि हायसे वाटून घेतो. 'दुसरे होईल' या वाक्याचेच हे सुशिक्षित रूप नाही का?

त्या दहा दिवसांपाशी थोडे थांबता आले, तर आजीला पुढचा प्रश्नही विचारता येईल. झाली नऊ, राहिली पाच. आणि त्या चौघांची नावे काय होती?